नुसती टाकी बदलून पाणी वाचत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कमोड 25 वर्षांचा, एका फ्लशला भसाभसा पाणी जातं. प्लंबर म्हणतो, भांडं राहू द्या, वरची टाकी तेवढी दोन बटणांची बसवून देतो. आणि कमी पाण्यात तुंबेल की काय, ही तुमची धास्ती.

प्लंबरचं ऐकू नका, बदलायचा तर भांड्यासकट पूर्ण कमोड बदला. त्याला काम सोपं पडतं, त्रास तुम्हाला होतो. भांड्याच्या आतलं वळण, कडेखालची भोकं, तळाशी साठून राहणारं पाणी हे सगळं एका ठरावीक फ्लशसाठी घडवलेलं असतं. 12 लिटरच्या भांड्यावर 6 लिटरची टाकी बसवली की मैला वळणापर्यंत जाऊन परत येतो. मग घरातला प्रत्येक जण मुकाट्याने दोनदा बटण दाबतो आणि हिशेब होता तिथेच येतो. टाकीत पाण्याची बाटली ठेवण्याच्या युक्तीचंही बहुतेक असंच होतं. वीट तर ठेवूच नका, ती झिजते आणि तिची रेती रबरी सीलखाली अडकून टाकी गळायला लागते.

आधी तुमचा कमोड खरंच किती पाणी खातो ते मोजा. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणाऱ्या नळीवरचा छोटा नळ, बंद करून एकदा फ्लश करा, टाकीतली पातळी किती सेंटिमीटर खाली गेली ते पाहा. आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले ती घट, भागिले 1000, म्हणजे लिटर. माझ्या जुन्या टाकीची मापं 40, 16 आणि 18 होती, म्हणजे साडेअकरा लिटर. कॉक चालू असताना फ्लशबरोबर थोडं जास्तच जातं, म्हणून 12 धरले. चार माणसं, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, म्हणजे 240 लिटर. 6 आणि 3 लिटरच्या दुहेरी फ्लशवर माणशी एक मोठा, चार छोटे धरले तर 72. वर्षाला 60 हजार लिटरच्या वर फरक पडतो.

त्याचबरोबर गळती तपासा. रात्री टाकीत खाण्याचा गडद रंग घाला आणि अर्धा तास कोणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर सील गेलंय. गळकी टाकी चोवीस तास वाहते, त्यापुढे फ्लशचा हिशेब किरकोळ ठरतो. कधीकधी नुसतं सील बदलूनच बिलात मोठा फरक पडतो.

आता तुंबण्याची धास्ती. ती अगदीच खुळी नाही. अमेरिकेत 1994 पासून घरगुती कमोडला सुमारे 6 लिटरची मर्यादा आली, तेव्हा कंपन्यांनी जुनीच भांडी कमी पाण्यावर चालवायला काढली आणि लोक वैतागले. कमी पाण्याच्या कमोडची बदनामी बरीचशी तिथून सुरू झाली. पुढे भांडी नव्याने घडवली गेली. आता तिकडे मॅप नावाची चाचणी आहे, तीत सोयाबीनच्या पेस्टचे गोळे भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते बघतात. (हे काम करणाऱ्याला घरी कोणी विचारलं, आज काय केलंस, तर तो काय सांगत असेल!) वॉटरसेन्स हे पाणीबचतीचं चिन्ह मिळवायला 4.8 लिटरच्या आत किमान 350 ग्रॅम जावे लागतात.

पण भांडं कितीही चांगलं असलं तरी पुढचा पाईप तुमचाच असतो, आणि याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. कमोडपासून मुख्य उभ्या पाईपपर्यंतचं अंतर लांब आणि उतार कमी असेल, किंवा आतून खडबडीत झालेला जुना लोखंडी पाईप असेल, तर थोड्या पाण्यात मैला मध्येच बसतो. चार इंची पाईपला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार असला की निर्धास्त राहा. उतार माहीत नसेल तर बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडा, कमोडमध्ये थोडा टॉयलेट पेपर टाकून फ्लश करा आणि तो तिथवर येतो का पाहा. जुन्या फ्लशलाही तो वाटेत रेंगाळत असेल तर आधी पाईपचं काम करा. नुसती शंका असेल तर 4.8 च्या मागे न लागता 6/3 घ्या.

प्रकार निवडताना मी नेहमी वॉशडाऊन सांगतो, म्हणजे पाण्याच्या जोरावर सरळ ढकलणारा. त्याचं वळण रुंद असतं, सहज तुंबत नाही. तळाशी पाणी कमी राहतं, त्यामुळे डाग पडतात आणि ब्रश जास्त फिरवावा लागतो, हे मान्य. सायफनचा, म्हणजे मैला खेचून नेणारा कमोड दिसायला स्वच्छ राहतो, पण त्याची वाट अरुंद असते.

मापाच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. कमोडचा पाईप जमिनीत जातो की भिंतीत, ते आधी बघा. जमिनीत जात असेल तर भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, भिंतीत जात असेल तर जमिनीपासूनची उंची. मी माप घेतलं ते टाईल लावायच्या आधी. नंतर जुन्या टाईलवरच नवी टाईल चढली, भिंत जवळजवळ इंचभर पुढे आली आणि टाकी तिला टेकून कमोड पाईपवर बसेना. दुकानदाराने तो परत घेतला नाही.

बसवताना बुडाखाली सिमेंट ठासून भरू देऊ नका, पुढच्या वेळी कमोड फोडूनच काढावा लागतो. स्क्रू आणि सिलिकॉन पुरतं. सिलिकॉनही मागच्या बाजूला थोडं मोकळं सोडा, म्हणजे खालचा जोड गळला तर पाणी बाहेर दिसेल, आत मुरणार नाही. स्क्रू दोन्हीकडून आळीपाळीने हलके आवळा, चिनीमातीला तडा जायला एक पीळ जास्त झाला तरी पुरतो. अँगल कॉक आणि कनेक्शन पाईप त्याच वेळी नवे घाला.

दुहेरी बटणाचा व्हॉल्व्ह सिंगलपेक्षा लवकर गळतो, हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे, विशेषतः पाण्यात क्षार असतील तर. त्याचं सील सुटं मिळतं का, ते कमोड घ्यायच्या आधीच विचारा आणि एक जास्तीचं आणून ठेवा. रंगाची चाचणी दर सहा महिन्यांनी करत जा. आणि छोटं बटण कोणतं ते घरच्यांना दाखवून ठेवा. आमच्याकडे वर्षभर सगळे दोन्ही बटणं एकदम दाबत होते.