‘लिंगबदल’ लिहायचं की ‘लिंगपुष्टी’? पत्रकापुरतं आणि केसपेपरपुरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रुग्णालयात ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी नवी ओपीडी सुरू होतेय, तिचं मराठी माहितीपत्रक आणि केसपेपरचा नमुना तुमच्या टेबलावर आलाय, आणि ‘लिंगबदल’, ‘लिंगनिश्चिती’, ‘लिंगपुष्टी’ यांतलं काय छापायचं यावर डॉक्टरांचं एकमत होत नाही. रुग्णालयांसाठी संमतीपत्रं आणि पत्रकं लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘लिंगनिश्चिती’ आधी बाद करा. आपल्याकडे सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरलं की समोर पाटी असते, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. १९९४ च्या कायद्याने ‘लिंग’ आणि ‘निदान’, ‘तपासणी’, ‘निश्चिती’ ही जोडी लोकांच्या मनात गुन्ह्याशी बांधून टाकली आहे. रुग्णालयाच्या दारात ‘लिंगनिश्चिती विभाग’ असा फलक लागला तर पहिली तक्रार कुठे जाईल ते सांगायला नको. ‘लिंगपुष्टी’ त्यामानाने बरा आणि कार्यकर्त्यांमध्ये रुळतोय, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तोही ‘मी बाई आहे की पुरुष हे तपासणार’ असाच वाटतो. मग ‘लिंगबदल’? तो कळतो सगळ्यांना, वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवलाय. त्याची खोट वेगळी आहे. एका ऑपरेशनात माणूस इकडचा तिकडे होतो असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात अनेक जण फक्त हॉर्मोन घेतात, काही जण फक्त छातीची सर्जरी करून थांबतात, काहींना फक्त समुपदेशन हवं असतं. शिवाय बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की मी बदलले नाही, मी होते तीच आहे.

मी असं करेन: शीर्षकात ‘ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आरोग्यसेवा’. पहिल्या परिच्छेदात एकदाच ‘लिंगभावाला अनुरूप उपचार (ज्याला बोलीत लिंगबदल म्हणतात)’, म्हणजे त्याच शब्दाने शोधत आलेला माणूस परत जाणार नाही. पुढे छत्रीशब्द सोडून द्या आणि प्रत्येक उपचाराला त्याच्या नावाने बोलवा.

खरी गंमत, आणि खरा धोकाही, इथेच आहे. केसपेपरवर नुसतं ‘सर्जरी झाली आहे’ किंवा ‘गोळ्या चालू आहेत’ लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच घेणाऱ्या ट्रान्स स्त्रिया (जन्माच्या नोंदीत पुरुष, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या) कमी नाहीत, आणि त्या गोळ्यांतल्या इथिनाइल इस्ट्रॅडिऑल या हॉर्मोनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘बायकांचे हॉर्मोन’ लिहू नका, औषधाचं नाव लिहा: इस्ट्रॅडिऑल, स्पायरोनोलॅक्टोन, टेस्टोस्टेरॉन, जे असेल ते. सर्जरीचंही तसंच. ‘पिशवी काढली’ हे आपल्याकडे कुणालाही कळतं, तेच लिहा, सोबत अंडाशय ठेवलेत की काढलेत तेही. वृषण काढण्याला ‘नसबंदी’ म्हणू नका, ती वेगळी शस्त्रक्रिया आहे. ‘खच्चीकरण’ तर मुळीच नको, तो बैलाला लावायचा शब्द आहे. ट्रान्स पुरुषांपुढे (जन्माच्या नोंदीत स्त्री, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांपुढे) ‘स्तन काढणे’ म्हणण्याऐवजी ‘छातीची सर्जरी’ म्हणा, ते स्वतः बहुधा तेच किंवा ‘टॉप सर्जरी’ म्हणतात. हिजडा समाजातून आलेली रुग्ण ‘माझं निर्वाण झालंय’ म्हणाली तर बहुतेक वेळा लिंग आणि वृषण दोन्ही काढलेत आणि योनीनिर्मिती झालेली नाही असा अर्थ असतो. तिचा शब्द अवतरणात लिहा, आणि नेमकं काय काढलंय ते तिलाच विचारून, खात्री करून शेजारी लिहा.

तपासण्यांच्या सूचनाही अवयवाच्या नावानेच द्या. ‘गर्भाशयाचं मुख आहे त्यांनी पॅप तपासणी करावी’ (पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी) हे वाक्य ट्रान्स पुरुषालाही लागू पडतं आणि बाईलाही. योनीनिर्मितीत प्रोस्टेट सहसा काढत नाहीत, त्यामुळे ‘पुरुषांनी प्रोस्टेट तपासावी’ असं छापलं तर नेमकी ट्रान्स स्त्री निसटते.

निदानाच्या रकान्याबद्दल: ‘विकार’ लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘ट्रान्ससेक्शुअलिझम’ मानसिक आजारांत, एफ६४.० या कोडखाली होतं. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ते लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात गेलं, नावही बदललं: ‘जेंडर इनकाँग्रुअन्स’, कोड एचए६०. ‘जेंडर डिस्फोरिया’ हा २०१३ च्या अमेरिकन मनोविकार नियमावलीतला शब्द. तो होणाऱ्या त्रासाचं नाव आहे, आणि असा त्रास प्रत्येकीला असतोच असं नाही. मराठीत ‘विसंगती’ छापलं की दोष वाटतो, म्हणून पत्रकात सरळ वाक्य लिहा: ‘जन्माच्या नोंदीतलं लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांत फरक असणे’. बिलावर आणि विम्याच्या पत्रावर मात्र कोड आणि समोरच्या कार्यालयाला ओळखीचे शब्दच हवेत. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं पंधरावं कलम ‘सेक्स रिअसाइनमेंट सर्जरी’ असंच म्हणतं, तिथे नवा शब्द घालून दावा अडकवण्यात शहाणपण नाही.

माणसासाठीचे शब्द. ‘तृतीयपंथी’ सरकारी कागदांत आहे, अनेकांना चालतो, पण ट्रान्स पुरुषांना सहसा तो आपला वाटत नाही. ‘हिजडा’ हे घराण्याचं, गुरू-चेल्याच्या नात्याचं नाव, वैद्यकीय वर्ग नव्हे. आंतरलिंगी व्यक्तींचा (जन्मतःच ज्यांची शारीरिक लक्षणं ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात बसत नाहीत त्यांचा) प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या त्याच कायद्याच्या मूळ व्याख्येने त्यांना ट्रान्सजेंडरमध्ये घातल्यामुळे गोंधळ वाढला, तुमच्या केसपेपरवर रकाना वेगळाच ठेवा.

मराठीत एक अडचण जास्तीची. आपलं क्रियापदच लिंग सांगतं. रुग्ण ‘मी गोळ्या घेते’ म्हणाली की तिने उत्तर दिलेलं असतं, फक्त ऐकणाऱ्याचं लक्ष हवं. पण शेजारी आई-वडील किंवा नवरा बसलेला असेल तर तीच व्यक्ती घाबरून ‘घेतो’ म्हणेल, म्हणून एकटीला भेटून एकदा विचाराच. पत्रकात हा प्रश्नच येत नाही, कारण ‘तुम्ही’ मदतीला येतं: ‘तुम्ही आलात’, ‘तुम्हाला भूल दिली जाईल’, यांत बाई-पुरुष कुठेच दिसत नाही. सबंध मजकूर ‘तुम्ही’त लिहा, ‘रुग्णाने’ आणि ‘त्याने/तिने’ गाळा.

उरला केसपेपरचा वरचा भाग. ‘श्री./श्रीमती’ काढा. ‘कागदपत्रांवरचं नाव’ आणि ‘हाक मारायचं नाव’ असे दोन रकाने ठेवा, आणि बाहेर पुकारा करणाऱ्या मामा-मावशींना फक्त दुसराच वाचायला सांगा. नुसता टोकन नंबर पुकारला तर अधिक बरं. मजकूर तयार झाला की छापण्याआधी एखाद्या ट्रान्स पुरुषाला आणि एखाद्या ट्रान्स स्त्रीला वाचायला द्या, आणि त्या वाचनाचं मानधनही द्या.