गेनला हात कधी लावायचा?

गणपती तोंडावर आले की मंडळांचे, भजनी संघांचे आणि नुकताच डिजिटल मिक्सर घेतलेल्या ऑपरेटरांचे प्रश्न येऊ लागतात. बहुतेक गेनबद्दलच असतात. माइकमधून आलेला बारीक सिग्नल मिक्सरच्या दारातच किती मोठा करून आत घ्यायचा, ते गेन ठरवतो. लोकांना किती ऐकू जावं, ते फेडर ठरवतो. तरी दोन्हींची गल्लत होतेच.

प्रश्न : गेनची खुंटी बारा वाजता, म्हणजे सरळ वर, ठेवली की बरोबर, असं आमचे जुने साउंडवाले सांगतात. खरं का?

नाही. खुंटी कुठे आहे ते बघू नका, मीटर बघा.

प्रश्न : मग मीटरवर किती हवं?

गाणारा गातो तितक्या जोरात गात असताना सरासरी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरचं माप, त्यात शून्य म्हणजे कमाल) आसपास, आणि वरची टोकं उणे १० पर्यंत. शून्य ही भिंत आहे. तिला सिग्नल धडकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज फेडर खाली घेतला तर फक्त हळू फाटलेला ऐकू येतो. टाळ आणि ढोलकीला आणखी जागा सोडा. टाळाचा ठोका इतका क्षणिक असतो की मीटर त्याचं खरं टोक दाखवेलच असं नाही. तुमच्या मिक्सरच्या मीटरवरचा शून्य नेमका कशाचा, ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या.

प्रश्न : गेन कमी ठेवला की शिट्टी येत नाही ना?

ही ऐकीव गोष्ट दर वर्षी येते. गेन ६ डीबी उतरवून फेडर ६ डीबी चढवलात, तर मुख्य स्पीकरमधून शिट्टी जिथे यायची तिथेच येणार. माइक ते स्पीकर ते पुन्हा माइक, या फेऱ्यात एकूण किती वाढ झाली त्यावर ती अवलंबून आहे. माइक तोंडाजवळ आणा, मॉनिटर (गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या पाठीकडे कुठे ठेवायचा ते माइकच्या प्रकारानुसार ठरवा, आणि न लागणारे माइक बंद करा. तरीही घुमत असेल तर हॉलचा अनुभव असलेल्या माणसाला एकदा जागेवर बोलवा. फोनवर याचं निदान होत नाही.

प्रश्न : कीर्तनात बुवा मध्येच आवाज चढवतात. तेव्हा मी गेन कमी करतो आणि अभंग हळू झाला की वाढवतो. पण पखवाजवाला दर वेळी तक्रार करतो. त्याचं काय चुकतं?

त्याचं काहीच चुकत नाही. चुकतंय तुमचं, आणि हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मॉनिटरचे सेंड, म्हणजे मॉनिटरकडे जाणारे सिग्नल, सहसा प्री-फेडर असतात, फेडरच्या आधीच निघतात. फेडर हलला तरी मॉनिटरवर फरक पडत नाही. पण गेन या सगळ्याच्या आधी आहे. तुम्ही ८ डीबी उतरवलेत की बुवांच्या मॉनिटरमधून त्यांचा स्वतःचा आवाज ८ डीबीने खाली गेला, पखवाजवाल्याच्या मॉनिटरमधूनही खाली गेला. बुवांना स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून ते आणखी जोर लावतात. तुम्ही आणखी उतरवता. मग हळू अभंगात परत चढवलात की मॉनिटर शिट्टी मारतो. शिवाय कॉम्प्रेसरची (ठरलेल्या पातळीच्या वरचा आवाज दाबणाऱ्या सोयीची) पातळी तुम्ही जुन्या गेनवर लावलेली असते. गेन हलला की तोही भलत्याच ठिकाणी दाबायला लागतो.

एका भजनसंध्येत मी मागच्या रांगेत बसून हे बघितलं. बुवांनी तिसऱ्या अभंगात डावा हात कानावर नेला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. ऑपरेटरचं बोट तेवढा वेळ गेनच्या खुंटीवरच होतं.

उपाय साउंड चेकमध्ये आहे, आणि तो लोक टाळतात. दीपप्रज्वलनाला दहा मिनिटं उरली की बुवांना माइकवर ‘हॅलो, एक, दोन’ म्हणायला लावतात. कीर्तनकार काही ‘एक, दोन’ म्हणून कीर्तन करत नाही. पखवाज आणि टाळ लावून त्यांना तारसप्तकातली एक ओळ पूर्ण आवाजात म्हणायला सांगा, दोनदा. तेव्हा गेन बसवा. पाच मिनिटं लागतात. ती मंडळाच्या अध्यक्षांकडून आधीच मागून घ्या. कार्यक्रम सुरू झाला की चढउतार फेडरने सांभाळा. सिग्नल फाटत असल्याचा लाल दिवा सतत लागत असेल तरच गेन उतरवा, तोही मॉनिटरवर काय परिणाम होईल ते बघून. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांना जाणता ऑपरेटर शेजारी बसवा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, नव्या मिक्सरमध्ये आत ३२ बिट फ्लोटिंग आहे, गेनची काळजी नको.

त्याला मिक्सर विकायचा आहे. ते गणित आतलं आहे. सिग्नल आधी प्रीअँप (जिथे गेन लागतो) आणि कन्व्हर्टरमधून (जो त्याचे आकडे करतो) जातो, आणि तिथे फाटला तर पुढचं गणित त्याला शिवू शकत नाही. पैसे देण्याआधी तुमच्याच माइकवर लावून ऐका, सोबत जाणकार न्या.

प्रश्न : हमिंग येतं. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली तर थांबतं, हे चालेल का?

अजिबात नाही. गाणाऱ्याच्या ओठाला माइक लागलेला असतो, शॉक त्याला बसेल. पिन आजच परत लावा, मंडपाचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, आणि तोवर कार्यक्रम करू नका. हमिंग कीबोर्डच्या लाइनमधून येत असेल तर डीआय बॉक्स (वाद्याची लाइन मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवणारी डबी) लावून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलची ग्राउंड तोडणारं बटण) वापरून बघा.

प्रश्न : लॅपटॉपचं गाणं हेडफोनच्या जॅकमधून घेतो, त्याचा गेन किती?

डीआय बॉक्समधून घ्या, लॅपटॉपचा आवाज बऱ्यापैकी वर ठेवा, डीआयला लागत नसेल तर फँटम (मिक्सरकडून माइकच्या केबलमधून जाणारी वीज) बंद आहे ना बघा, आणि मीटर उणे १८ वर आणा.