‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ आणि उधळलेला बैल

प्रश्न : लग्नसराईत आमच्या भागातील थाटामाटाच्या लग्नांना इंग्रजी बातमीदार ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ म्हणतात आणि शब्दकोशात त्याचा अर्थ ‘उधळ्या’ असा मिळतो. मुलीच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पुस्तकात मात्र हेच विशेषण स्तुतीला लावलेले दिसले. स्तुतीला पैसे कोठे पडतात? मूळ अर्थ सांगावा.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : या शब्दात पैसा बराच उशिरा शिरला. लॅटिनमध्ये ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर आणि ‘व्हागारी’ म्हणजे भटकणे. तेव्हा जे हद्दीबाहेर भटकते ते एक्स्ट्रॅव्हॅगंट. मध्ययुगात पोपचे जे आदेश अधिकृत संग्रहांबाहेर राहिले होते, त्यांना हे नाव होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, कोंबडा आरवताच आपल्या जागी परतावे लागणाऱ्या भटक्या पिशाच्चाला होरेशिओ हेच विशेषण लावतो, आणि त्या पिशाच्चाने पैसे उडवले होते असे कोणी म्हणणार नाही. पुढे बोलणे, कल्पना, स्तुती यांनी मर्यादा सोडली की त्यांनाही हा शब्द लागू लागला. खर्चाचा अर्थ अठराव्या शतकाच्या आरंभी रुळला.

हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. कर्नाटकी बेंदराला शिंगे रंगवून, झूल घालून मिरवायला काढलेला बैल हलगीच्या कडकडाटाने बिथरला आणि धन्याच्या हातचा कासरा हिसकावून पळत सुटला, की आपण तो उधळला म्हणतो. आणि वडिलोपार्जित जमिनीचे पैसे वर्षभरात संपवणाऱ्यानेही ते उधळलेच म्हणतो. म्हणून कोशातील ‘उधळ्या’ हा अर्थ वरवर वाटतो त्यापेक्षा मुळाच्या बराच जवळचा आहे. अडचण इतकीच की मराठीत उधळ्या हा माणूस असतो, स्तुती नव्हे. स्तुतीसाठी ‘वारेमाप’ आणि दाव्यासाठी ‘अवास्तव’ हे शब्द आम्हाला अधिक योग्य वाटतात.

बातमीदारांविषयी एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’मध्ये बहुधा ठपका असतो, ‘लॅव्हिश’मध्ये तो असेलच असे नाही. ‘लॅव्हिश’चे मूळ जुन्या फ्रेंचमधील मुसळधार पावसाच्या शब्दात आहे. पंगतीत कुंदा हात आखडता न घेता वाढला, तर ते लग्न ‘लॅव्हिश’. त्याच लग्नासाठी शेत गहाण टाकून ड्रोन आणि फटाके आणले, तर खुशाल ‘एक्स्ट्रॅव्हॅगंट’ लिहावे.