युरीन कल्चर नॉर्मल आलं होतं, मग सातव्या महिन्यात परत कशाला?

गरोदरपणात डॉक्टरांनी युरीन कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) परत सांगितलं तर सासूबाई 'पैसे काढायचे धंदे' म्हणतात हे तुम्ही लिहिलं न मला राहवलंच नाही, हेच्या हेच शब्द आमच्या विहीणबाईंचे. करून घ्या ताई.

माझ्या मुलीचंही तिसऱ्या महिन्यातलं कल्चर साफ होतं. सातव्यात डॉक्टरीणबाईंनी परत लिहून दिलं तर विहीणबाई म्हणे आमची बाळंतपणं झाली, कोणी लघवी तपासली होती का, न जावई आईपुढे बोलत नाही, राहून गेलं. मे महिना, नागपूरचं ऊन, पोरीला ताप भरला तर म्हणे ऊन लागलं, पन्हं पाजून राहिल्या होत्या. मी मानेवाड्याहून धावत गेले तर पोरगी त्या उकाड्यात दोन चादरी घेऊन कुडकुडत होती, उजवीकडे कमरेच्या वर हात लावू देत नव्हती. उन्हानं अशी हुडहुडी भरते काय? तशीच धंतोलीला दवाखान्यात नेली. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं, भरती केलं, सलाईनमधून अँटिबायोटिक. कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. लघवीला जळजळ तिला एक दिवसही नव्हती! विहीणबाई आजही ऊनच म्हणतात.

म्हणून 'काही त्रास नाही' यावर जाऊ नका. गरोदरपणात किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या ढिल्या पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, लघवी तुंबते न जंतू वर चढतात. मिलीलीटरला १ लाखाच्या वर जंतू निघाले तर त्रास नसला तरी औषध देतात.

सॅम्पल नीट द्या. आधी लघवीची जागा धुवून घ्या, पहिली धार सोडून मधली डबीत, डबीला आतून बोट लागू नये. न घरून नेत असाल तर गाडीच्या डिक्कीत ठेवून बर्डीवर खरेदी करत फिरू नका, गरमीत जंतू वाढतात न रिपोर्ट भलताच येतो. 'मिक्स्ड ग्रोथ' (म्हणजे दोन-तीन जातींचे जंतू एकत्र) आलं तर बहुतेक सॅम्पल खराब झालं, परत द्यावं लागतं.

तसं सगळ्यांनाच परत लागतं असं नाही, आधी इन्फेक्शन झालेलं, शुगर, मुतखडा असं असलं की डॉक्टर सांगतात, तुम्हाला का सांगितलं ते त्यांनाच विचारा. काही डॉक्टर ३६-३७ आठवड्याला ग्रुप बी स्ट्रेप नावाच्या, बाळंतपणात बाळाला लागू शकणाऱ्या जंतूसाठी स्वॅब (कापसाच्या काडीनं खालून घेतलेलं सॅम्पल) घेतात, तो वेगळा. तो जंतू येतो-जातो म्हणून मुद्दाम उशिरा घेतात.

न इन्फेक्शन निघालंच तर गोळ्यांचा कोर्स झाल्यावर हप्त्या-दोन हप्त्यांनी परत कल्चर सांगतील, तेव्हा सासूबाईंना विचारत बसू नका, नवऱ्याला घेऊन जा न देऊन या.