वाचक विचारतात : व्होडकाची पारख करायची कशी?

प्रश्न : पुढील महिन्यात थोरल्या बंधूंच्या निवृत्तीनिमित्त घरी मेजवानी ठेवली आहे. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना व्होडका चालते. येथील बाजारातील दुकानात एकाच फळीवर साधी बाटली आणि तिच्या कितीतरी पट किमतीची विलायती बाटली शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दुकानदार म्हणतो, ‘पाच वेळा गाळलेली घ्या’. पुण्याचे मेहुणे म्हणतात, ‘व्होडकाला चवच नसते, सगळ्यात स्वस्त असेल ती उचला.’ कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दुकानदाराचे ऐकू नये आणि मेहुण्यांचे अर्धे ऐकावे.

आधी दुकानदाराविषयी. ‘पाच वेळा गाळलेली’, म्हणजे पाच वेळा वाफ करून पुन्हा द्रव केलेली, हे शब्द जाहिरातीत भारदस्त वाटतात, परंतु आज जवळजवळ सर्व व्होडका उंच स्तंभासारख्या भट्टीत तयार होते आणि त्या स्तंभाच्या आत एकावर एक बसवलेल्या अनेक तबकड्यांवर द्रवाची वाफ होणे व वाफेचा पुन्हा द्रव होणे एकाच फेरीत कितीतरी वेळा घडते. त्यामुळे ‘पाच वेळा’ म्हणजे नेमके काय मोजले, हे कारखानदाराने सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. चांदीतून, प्लॅटिनममधून किंवा हिऱ्यांच्या थरातून गाळल्याचे दावेही मी त्याच रांगेत बसवीन. लाकडी कोळशाने द्रव स्वच्छ होतो हे मात्र खरे आहे. टोबियस लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञांनी सेंट पीटर्सबर्ग येथे १७८५ मध्ये कोळशाचा हा गुण दाखवून दिला आणि रशियातील मद्य गाळण्याच्या पद्धतीला त्यातून वळण मिळाले.

मेहुण्यांचा समज निराधार नाही. अमेरिकेच्या नियमांतील व्होडकाच्या व्याख्येतच, तिला स्वतःचा वेगळा गंध, चव वा रंग नसावा, अशा अर्थाचे शब्द होते. ते २०२० मध्ये वगळण्यात आले. व्होडकासाठीचे मद्यार्क साधारण ९५ ते ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केले जाते आणि मग पाणी घालून ४० टक्क्यांच्या आसपास आणले जाते, म्हणजे बाटलीत निम्म्याहून अधिक पाणीच असते. उरलेल्या मद्यार्कात मूळ धान्याचा जो अंश राहतो तो फार थोडा असतो, पण राहतो. राय या धान्याच्या व्होडकात मिरीसारखा किंचित तिखटपणा असतो, गव्हाची मऊ व पावाकडे झुकणारी लागते आणि बटाट्याची जिभेवर जाडसर, सायीसारखी पसरते. अॅब्सोल्यूट ही स्वीडनमधील ओहूस गावची व्होडका हिवाळी गव्हाची, पोलंडची बेल्व्हेडेर रायची आणि फ्रान्सची सिरॉक द्राक्षांची आहे. आपल्याकडील स्वस्त व्होडका बहुधा उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते आणि ते नीट शुद्ध झाले नसेल, तर शेवटी काकवीसारखा गोडसर, जड वास मागे राहतो. धान्यापासून केलेल्या देशी व्होडकाही मिळतात. बाटलीवर तसे लिहिले आहे का, ते पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष चव घेण्याविषयी. बहुतेक जण चुकतात ते इथेच, कारण बाटली बर्फासारखी गार करून चव पाहिली जाते. थंडीमुळे वास दबतो, जळजळ दबते आणि द्रव दाटसर होतो, म्हणून वाईट व्होडकाही ‘सॉफ्ट’ वाटते. उलट मे महिन्यात आपल्या खोलीतील ३२-३३ अंशांवर चांगली व्होडकाही नाकाला झोंबते, कारण त्या उष्णतेत मद्यार्क झपाट्याने उडतो. म्हणून बाटली अर्धा तास साध्या फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढावी आणि गारवा जरा उतरला की पाहावी. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या लहान पेल्यात १५-२० मिलिलिटर पुरे. नाक पेल्यात खुपसू नये. पेला हनुवटीच्या पातळीवर धरून हळूहळू वर आणावा. नखांचे पॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा किंवा हिरव्या, कच्च्या सफरचंदासारखा तीक्ष्ण वास आला, तर शुद्धीकरण कमी पडले आहे, असे खुशाल समजावे. मग एक लहान घोट जिभेवर पसरून काही सेकंद धरावा. जळजळ होणारच, कारण मिरचीने तोंडातील जी संवेदना जागी होते, तीच मद्यार्कानेही होते. पाहायचे ते हे की जळजळ जिभेवर सरळ चढते आणि ओसरते, की घशात एका जागी खरवडत राहते. गिळल्यावर अर्ध्या मिनिटाने तोंड स्वच्छ असले पाहिजे.

यापेक्षा बारीक तपासणी हवी असल्यास मद्य मिसळणारे जाणकार करतात तसे पाणी घालून २० टक्क्यांवर आणून पाहावे. जळजळ मागे सरते आणि तिच्या आड लपलेले दोष पुढे येतात. आपल्याकडील बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. हा आकडा चवीसाठी निवडलेला नाही; जुन्या ब्रिटिश मापातील ७५ अंश प्रूफ म्हणजेच ४२.८ टक्के, आणि ते माप आपण अजून सांभाळून आहोत. विलायती बाटल्या मात्र बहुतेक ४० टक्क्यांच्या असतात. दोन्ही जशाच्या तशा पेल्यांत ओतून तुलना केली, तर देशी बाटली केवळ कडकपणामुळे हरते आणि आपण तिला उगाच नावे ठेवतो. म्हणून देशी व्होडकाच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे ३४ मिलिलिटर पाणी घालावे, विलायतीच्या ३० मध्ये ३०. पाणी गाळलेले व बेचव असावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार सगळा खेळ बिघडवतात.

मऊपणा साखरेने किंवा ग्लिसरीनने आणलेला असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या नियमांनी दर लिटरमागे २ ग्रॅमपर्यंत साखर चालते. काचेच्या स्वच्छ बशीत चमचाभर व्होडका ओतून पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावी आणि मग त्या जागेवरून बोट फिरवावे. काही न घातलेल्या व्होडकाची जागा कोरडी लागते. बोट चिकटले, तर मऊपणा कुठून आला ते कळले.

शेवटी पैशांचा प्रश्न. घरातील कोणाकडून तरी तीन पेले भरून घ्यावेत, दोनांत एक व्होडका आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता ते न पाहता ओळखावे. हे सहा वेळा करावे, घोट थुंकून टाकावा, नाहीतर चौथ्या वेळेपर्यंत निकालच विश्वासार्ह राहणार नाही. नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी असते. पण चार किंवा अधिक वेळा बरोबर येणे दहांत एकदा निव्वळ नशिबानेही घडते. पाच वेळा ओळखता आले आणि महाग बाटली अधिक आवडलीही, तर ती जरूर घ्यावी. मेजवानीसाठी मात्र माझे मत स्पष्ट आहे : पाहुणे लिंबू-सोडा किंवा संत्र्याचा रस घालून घेणार असतील, तर मधल्या किमतीची धान्याची देशी व्होडका आणावी, आणि विलायती एकच, नुसती घेणाऱ्या दोघा-तिघांसाठी.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यानपिढ्या काजूच्या हंगामात भाटी लागते. फेणी चांगली की वाईट हे वडील वासावरून आणि बाटली हलवून वर येणाऱ्या फेसावरून सांगतात. व्होडकाची पारख याच रीतीने करता येईल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : फेस कडकपणाचा अंदाज देतो, चवीचा नाही. भाटीवर आकडा छापलेला नसतो म्हणून तेथे ही खूण उपयोगी पडते. व्होडकाच्या बाटलीवर टक्केवारी लिहिलेलीच असते.

वासाच्या बाबतीत मात्र आपल्या वडिलांची कसोटी व्होडकाला जवळजवळ उलटी लावावी लागेल. पडलेल्या, पिकलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) रस आंबवून पहिल्या खेपेला हुर्राक काढतात आणि ते आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळले की फेणी मिळते. या भांड्याच्या भट्टीत मद्यार्क ९६ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे बोंडूचा सगळा गंध, त्यातला उग्रपणा धरून, फेणीत उतरतो. तो गंध हीच तिची ओळख आहे आणि २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही या मातीशी व रीतीशी असलेल्या नात्यासाठीच. ज्या फेणीला बोंडूचा वास नाही, ती आपल्या वडिलांनी बाजूला सारावी हे योग्यच. पण व्होडकाला तेवढा वास आला, तर बाटली दुकानात परत न्यावी.

तरीही भाटीवर बसलेल्या माणसाचे नाक व्होडकासाठी वाया जाते, असे मुळीच नाही. गाळताना सुरुवातीला येणारा तीक्ष्ण भाग आणि शेवटचा ओला, कुबट वासाचा भाग ओळखून तो मधल्या भागात न मिसळणे हे फेणी काढणाऱ्याचे खरे कसब असते. व्होडकातही दोष तेच असतात, फक्त फार पुसट. बोंडूच्या वासाखाली हे दोष झाकले जातात, व्होडकात त्यांना लपायला जागा नसते. म्हणून वडिलांना २० टक्क्यांवर आणलेली व्होडका द्यावी आणि त्यातील ‘शेवटचा भाग’ शोधायला सांगावा. शहरी शौकिनांपेक्षा त्यांना तो लवकर सापडेल, असे मला वाटते.

प्रश्न : व्होडका पेटवून निळी ज्योत आली की ती शुद्ध, असे सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, आणि या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे. पिण्याच्या मद्यार्काची ज्योत निळसर असते आणि विषारी मिथेनॉलचीही फिकट निळीच असते. मिथेनॉलची चव व वासही ओळखू येण्याइतके वेगळे नसतात. वर सांगितलेली कोणतीही चाचणी ते शोधू शकत नाही. परवानाधारक दुकानातील, झाकणाचे सील शाबूत असलेली बाटली घेणे एवढाच उपाय आहे. सुटी किंवा पुन्हा भरलेली बाटली कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी नाकारावी. पिल्यानंतर दुसऱ्या दिवशी दृष्टी धूसर झाली, पोटात दुखू लागले किंवा धाप लागली, तर ‘उतरेल’ म्हणून वाट न पाहता बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

प्रश्न : व्होडका फ्रीझरमध्ये ठेवावी की नाही? आणि उघडलेली बाटली किती दिवस टिकते?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ४० टक्के मद्यार्क उणे २७ अंशांच्या आसपास गोठतो, घरातील फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंतच जातो, त्यामुळे बाटली फुटण्याची भीती नाही. नुसती प्यायची असेल तर अवश्य ठेवावी. फक्त चव पारखताना नको. फ्रीझरमधील व्होडका गोठली, तर ती बहुधा पाणी मिसळलेली आहे. उघडलेली बाटली घट्ट बंद करून उन्हापासून दूर ठेवल्यास महिनोन्‌महिने चांगली राहते. बाटली जवळजवळ रिकामी होऊन आत हवाच जास्त उरली असेल, तर ती लहान बाटलीत काढून ठेवावी. लिंबाच्या वा संत्र्याच्या स्वादाची व्होडका मात्र लवकर फिकी पडते, म्हणून ती मोठ्या बाटलीऐवजी १८० मिलिलिटरचीच घ्यावी.