'द मन्रोज': एकाच सीझनमध्ये का संपली, आणि क्लेटला जमीन मिळाली असती का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. 'द मन्रोज'सारखी चांगली अमेरिकन वेस्टर्न मालिका एका सीझनमध्ये का बंद पडली, आणि तिच्यातल्या अठरा वर्षांच्या क्लेटचा त्या जमिनीवर कायद्याने काही हक्क होता का. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, म्हणून पहिला आधी उरकतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. काळ १८७० च्या दशकाचा मध्य, जागा वायोमिंग टेरिटरी, म्हणजे अजून राज्य न झालेला अमेरिकेचा पश्चिमेकडचा प्रदेश. पहिल्याच भागात आईवडील नदी ओलांडताना बुडतात. मागे उरतात पाच भावंडं: क्लेट, सोळा वर्षांची कॅथी, जुळे भाऊ आणि धाकटी एमी. वडिलांनी दहा वर्षांपूर्वी खूण करून ठेवलेलं खोरं शोधायचं आणि तिथे घर उभं करायचं, एवढा एकच ध्यास. आडवा येतो मेजर मपॉय, हजारो गुरं बाळगणारा ब्रिटिश रँचमालक.

एबीसी वाहिनीवर ७ सप्टेंबर १९६६ ते १५ मार्च १९६७ या काळात तासातासाचे २६ भाग दाखवले गेले. वार बुधवार, वेळ रात्री आठची. त्याच रात्री एनबीसीवर 'द व्हर्जिनियन' साडेसातला सुरू होऊन नऊपर्यंत चालायची. तीही वायोमिंगचीच गोष्ट, आणि तोवर पाचव्या सीझनमध्ये पोचलेली. सीबीएसवर 'लॉस्ट इन स्पेस'ही साडेसातलाच लागायची. म्हणजे आठ वाजता दोन्हीकडचा प्रेक्षक आपापल्या गोष्टीत अर्ध्यावर पोचलेला. एबीसीवर मन्रोजच्या आधी 'बॅटमॅन' असायचं, पण तो रंगीबेरंगी धुडगूस बघायला बसलेली मुलं लगेच अनाथ भावंडांच्या संथ गोष्टीत रमतील, ही अपेक्षाच चुकीची होती. मालिकेत काही खोट होती म्हणून ती पडली, असं मला अजिबात वाटत नाही.

आता जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन १६० एकरांपर्यंत मिळायची. अट अशी की अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं, किंवा तो कुटुंबप्रमुख हवा. हे 'किंवा' महत्त्वाचं. आईवडील गेल्यावर चार भावंडं ज्याच्या जिवावर आहेत तो क्लेट कुटुंबप्रमुख ठरतो. म्हणजे वयाचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. पुढे पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि मग पक्का मालकीहक्क. मालिकेत पोरं ओंडके रचून घर उभारण्यासाठी जिवाचं रान करतात ते नुसतं डोक्यावर छप्पर हवं म्हणून नाही. त्या घराशिवाय दावाच टिकला नसता.

खरी अडचण वडिलांच्या खुणेची. दगड रचून 'ही जागा माझी' म्हटल्याने कायद्याने काहीच मिळत नव्हतं. लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमिनीच्या कचेरीत, नोंद लागायची, आणि होमस्टेडची नोंद व्हायला त्या भागाची सरकारी मोजणी आधी झालेली असावी लागायची. सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय वहिवाटीच्या गप्पा मारण्यात जो धोका असतो, तोच इथे होता. हे खोरं आपलंच, हे मपॉयचं म्हणणं कायद्याच्या नजरेत पोकळ होतं, पण मुलांचंही पक्कं नव्हतं. ही दोन्हीकडची कच्ची बाजू लक्षात ठेवून मालिका पाहिली की प्रत्येक भांडणाला वेगळी धार येते.

मपॉय हे पात्र उगाच रचलेलं नाही. वायोमिंगच्या गवतावर ब्रिटिश भांडवल खरंच उतरलं होतं, फक्त त्याचा मोठा लोंढा १८८० च्या आसपासचा. मॉर्टन फ्र्यूएन हा इंग्रज (विन्स्टन चर्चिलच्या मावशीचा नवरा) पावडर नदीच्या परिसरात प्रचंड कळप बाळगून होता. कुंपण नसलेल्या सरकारी कुरणावर फुकट चराई, हा या लोकांच्या धंद्याचा पाया. १६० एकरांचा एखादा होमस्टेडवाला पाण्याकाठी बसला की त्यामागचं कितीतरी कुरण निकामी व्हायचं. पाच पोरांची एक झोपडी मेजरला का खुपते, याचं कारण हे आहे.

मालिकेचं चित्रीकरण वायोमिंगमधल्याच ग्रँड टिटन नॅशनल पार्कच्या परिसरात, जॅक्सन होलमध्ये झालं. या खोऱ्यात पहिले होमस्टेडवाले प्रत्यक्षात १८८४ मध्ये आले, म्हणजे मन्रो भावंडांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी उशिरा. जमीन गोट्यांची, हिवाळा लांबलचक, गवतापलीकडे फारसं काही पिकायचं नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कुटुंबांनी जमिनी स्नेक रिव्हर लँड कंपनीला विकल्या. कंपनीमागे तेलसम्राट रॉकफेलरचे गर्भश्रीमंत चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर आहेत हे विकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पुढे ती जमीन सरकारला दिली गेली आणि १९५० मध्ये पार्कात सामील झाली. कॅमेऱ्यात दिसणारं ते रिकामं, अस्पर्श खोरं असं रिकामं झालेलं आहे. त्याआधी तिथे शोशोनी आणि इतर जमाती उन्हाळ्यात यायच्या, हेही विसरू नका. मुलांना मदत करणाऱ्या मूळनिवासी मित्राला मालिकेने 'डर्टी जिम' असं नाव दिलंय, ते मला प्रत्येक वेळी खटकतं. पात्र त्या नावापेक्षा खूप चांगलं लिहिलेलं आहे.

अभिनयात बार्बरा हर्शीची कॅथी बघाच. तेव्हा ती अवघी अठराची होती. पुढे १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षं कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. क्लेटच्या कामात मायकल अँडरसन ज्युनिअर थोडा एकसुरी वाटतो, पण थकलेल्या थोरल्या भावाचा चेहरा त्याला छान सापडलाय. आणि मपॉयच्या माणसांतला स्लीव्ह म्हणजे बेन जॉन्सन. १९५३ चा टीम रोपिंगचा (दोन घोडेस्वारांनी मिळून दोराच्या फासाने गुरू पकडण्याच्या खेळाचा) विश्वविजेता, त्यामुळे घोड्यावरचं त्याचं बसणं अस्सल आहे.

पहिल्या भागापासूनच सुरुवात करा, मधूनच एखादा भाग उचललात तर जमिनीचा धागा हाती लागणार नाही. लहान मुलांबरोबर बघणार असाल तर पहिला भाग आधी एकट्याने पाहून घ्या. त्यातला नदीचा प्रसंग सात-आठ वर्षांच्या मुलाला जड जाईल.