कोऱ्या जागेखाली सही नको

सहकारी संस्थांमध्ये बायकांना पुढे कसं आणायचं, यावर गेल्या वेळी लिहिलं आणि बरीच पत्रं आली. पाच घेते. नावं गाळली आहेत, कारण नागपूरच्या सहकारात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न: मानेवाड्याच्या एका पतसंस्थेत महिला राखीव जागेवर बिनविरोध आले. दीड वर्ष झालं. सभेत चहा-समोसा होतो आणि शेवटी प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, पुढे सरकतं. "ताई, सही करा, बाकी आम्ही पाहतो." विचारायचं तरी काय, तेच कळत नाही.

मीही सुरुवातीला हेच केलं. एकदा सात ठराव झाले. सातवा ठराव आणि सह्या यांच्यात चार बोटं जागा कोरी होती, मी खाली सही ठोकली. पुढच्या महिन्यात पाहते तर त्या जागेत आठवा ठराव बसलेला, एका मोठ्या कर्जाला मुदतवाढीचा. कर्ज फिटलं, म्हणून निभावलं. बुडालं असतं तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ८८ ची, म्हणजे नुकसानीची जबाबदारी ठरवणारी, चौकशी माझ्याही दारात आली असती. तिथे "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

मला शिकवलं महाल भागातल्या एका निवृत्त हिशेबनीस काकांनी. भाषण नाही, काही नाही. शनिवारी दुपारी बोलवायचे, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, पुढे टाकायचे आणि म्हणायचे, "यात तुला काय खटकतं ते सांग." तीन शनिवार मला काहीच खटकलं नाही. चौथ्या शनिवारी दिसलं की येणे व्याज दर महिन्याला फुगतंय आणि वसुली जागची हलत नाही. काका फक्त म्हणाले, "आता सभेला जा."

तुम्हीही असं कोणीतरी शोधा. संचालकच असला पाहिजे असं नाही, संस्थेचा जुना रोखपालही चालेल. विषयपत्रिकेसोबत तेरीज आणि थकबाकीची यादी सभेच्या आधी मिळावी, असं लेखी मागा. काय विचारायचं याची चिंता करू नका. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल वाचा. तुमचे निम्मे प्रश्न लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेत. समिती सभांचं इतिवृत्त तर कलम ३२ खाली साध्या सभासदालाही पाहता येतं, मग संचालकाला "नंतर दाखवतो" कसं चालेल? ठराव पटला नाही तर "माझा विरोध नोंदवा" म्हणा, आणि तो नोंदवला गेला हे पाहूनच उठा. सहीच्या वर जागा कोरी असेल तर आडवी रेघ मारा. लोक थोडे दिवस तोंड वाकडं करतील.

प्रश्न: मी इतवारीतल्या एका पतसंस्थेचा अध्यक्ष आहे. महिला सभासदांसाठी शिबिर घेतलं, प्रमाणपत्रं वाटली. निवडणुकीला राखीव दोन जागांपलीकडे एकही अर्ज नाही. बायकांनाच नको असेल तर काय करावं जी?

अध्यक्षसाहेब, तुमची सभा किती वाजता असते? रात्री साडेआठला असेल, तर उत्तर तिथेच आहे. ती दुपारी साडेतीनला घेऊन पाहा.

दुसरं म्हणजे, शिबिरात कोणी संचालक होत नाही. ज्या दोघी-तिघी आमसभेत उठून बोलतात, त्यांना आधी वसुली उपसमितीवर घ्या, आणि सत्कार-हळदीकुंकू समिती त्यांच्या गळ्यात घालू नका. कर्जाच्या अर्जासोबत जामीनदाराच्या घरी त्यांना न्या. पगारपत्रक खरं की रंगवलेलं, हे घरात पाऊल टाकलं की बायकांना लवकर कळतं, हा माझा अनुभव आहे. (पुरुष संचालकांना हे आवडत नाही.) थकलेल्या कर्जासाठी कलम १०१ चा वसुली दाखला कसा मिळवतात, हे त्यांनी एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावं. वर्षभर हे केलेली बाई अर्ज भरायला घाबरत नाही.

आणि कलम ७३ क मध्ये दोन जागा राखीव आहेत, म्हणजे दोनच बायका असं कुठे लिहिलंय? खुल्या जागेवर तुमच्या पॅनेलने किती बायका उभ्या केल्या, ते पत्रात नाही.

प्रश्न: काटोलकडच्या गावात आमचा महिला गट आहे. ज्या ताईंनी आम्हाला घडवलं, त्याच बारा वर्षं अध्यक्ष आहेत. बँकेत त्याच जातात, पासबुक त्यांच्याच घरी. "तुम्ही चौथी-पाचवी शिकलेल्या, तुम्हाला जमणार नाही" म्हणतात.

हे पत्र वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. ताईंचं ऋण खरं आहे आणि पासबुक त्यांच्या घरी असणं चूक आहे, हेही खरं आहे. भांडू नका. पुढच्या वेळी बँकेत "मीही येते ताई" म्हणून सोबत जा, पुढच्या महिन्यात तिसरीला न्या. वर्षाने पद बदलायचा ठराव त्यांनाच सूचक करून मांडा. मान त्यांचा राहील, सही बदलेल.

शिक्षणाचं म्हणाल, तर साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट ताईंना सांगा. संस्थापक बायका निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

प्रश्न: संचालक मी आहे, पण सभेला मिस्टर जातात. त्यांना सहकारातलं जास्त कळतं.

मग पुढची निवडणूक त्यांनी लढवावी. निवडून तुम्ही आलात, तर जबाबदारीही तुमच्याच नावावर आहे. सोबत या म्हणा, पण बाहेर बाकावर बसवा.

प्रश्न: नागपुरात हे शिकायचं कुठे?

धनंजयराव गाडगीळ सहकारी प्रबंध संस्थान आपल्याच शहरात आहे, तिथे चौकशी करा. संचालक आणि सभासदांचं प्रशिक्षण तर कलम २४ अ नेच सांगितलंय, त्यामुळे खर्च संस्थेकडे मागायला लाजू नका. जाताना स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद पिशवीत टाका आणि न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारून न्या.